वाचकांचे प्रश्न : रस्त्यात पडलेल्या परक्यासाठी थांबताना

गेल्या अंकात लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील शोमरोन्याच्या दृष्टान्तावर मनन दिले होते. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. याजक (मंदिराचा पुरोहित) आला, लेवी (मंदिराचा सेवेकरी) आला, दोघेही बाजूने निघून गेले. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी एक जण मात्र थांबला. या मननावर बरीच पत्रे आली. ‘थांबावे का?’ असे विचारणारे थोडे आहेत. बहुतेकांनी विचारले आहे, थांबल्यावर नेमके करायचे काय? हा प्रश्न अगदी वचनाला धरून आहे. शोमरोन्याला कळवळा आला, एवढे लूक एका शब्दात सांगतो आणि मग त्याची कामेच मोजतो : जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, सांभाळ केला, दुसऱ्या दिवशी पैसे दिले, परत येतो म्हणाला. म्हणून उत्तरांतही आम्ही कामेच सांगितली आहेत.

प्रश्न : रोज घाटातून मोटारसायकलने कामाला जातो. अपघात दिसला की छातीत धडधडते, हातपाय गळतात. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे ते क्रमाने सांगा. (एक तरुण, सातारा)

भाऊ, धडधडणे साहजिक आहे. क्रम पाठ असला की हात आपोआप चालतात.

आधी स्वतः सुरक्षित राहा. गाडी अपघाताच्या जागेच्या थोडी पुढे, रस्त्याच्या कडेला लावा आणि इंडिकेटर चालू ठेवा. मागून येणाऱ्यांना सावध करायला कुणाला तरी किमान ५० मीटर मागे उभे करा. घाटात हा माणूस वळणाच्या अलीकडे हवा, कारण वळण घेतल्यावर दिसून उपयोग नाही. त्याच्या हातात भडक रंगाचा कपडा द्या, रात्री मोबाइलचा टॉर्च. ट्रकवाले झाडाच्या फांद्या टाकतात ते चांगले, पण दगड मांडू नका. अपघाताची गाडी हलते, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुसरा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो.

मग फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सगळ्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जागा सांगताना ‘त्या ढाब्याजवळ’ म्हणून भागत नाही. महामार्गाच्या कडेचा किलोमीटरचा दगड वाचा आणि गाडी कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे चालली होती ते सांगा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने आली तर पुढचा वळसा कित्येक किलोमीटरवर असतो. जखमी किती, शुद्धीत आहेत का, श्वास चालू आहे का, कुणी गाडीत अडकले आहे का, टँकर आहे का, हेही सांगा. पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत फोन ठेवू नका.

आता जखमीजवळ या. समोरून या, म्हणजे तो मान वळवणार नाही. खांद्यावर हलके थोपटून मोठ्याने विचारा, ‘दादा, ऐकू येतंय का?’ उत्तर आले की नाव सांगा, ‘हलू नका, गाडी येतेय’ म्हणा. उत्तर नाही, तर छाती वर-खाली होते का ते १० सेकंद पाहा.

रक्त भळभळत असेल तर जो स्वच्छ सुती कपडा मिळेल (ओढणी, पंचा, रुमाल) त्याची जाड घडी करून जखमेवर दाबा आणि दाबूनच ठेवा. इथे हमखास चूक होते : दर अर्ध्या मिनिटाने कपडा उचलून ‘थांबलं का’ म्हणून बघतात. रक्ताची गुठळी धरायला वेळ लागतो, कपडा उचलला की ती निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. सलग १० मिनिटे दाब हवा. कपडा भिजला तर तो न काढता त्यावर दुसरा ठेवा. काच किंवा सळई आत रुतली असेल तर ओढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, कॉफी, माती यांतले काहीही जखमेत भरू नका. (एका ताईंनी विचारले आहे, गाडीत तेल ठेवावे का. त्या काळी द्राक्षारसाने जखम धुवत आणि तेलाने मऊ ठेवत. शोमरोन्याच्या हाती जे उत्तम औषध होते ते त्याने वापरले. आज तुमच्या हाती गॉज आणि स्वच्छ कपडा आहे.)

पाणी किंवा चहा पाजू नका. कळवळ्यापोटी होणारी ही सगळ्यात मोठी चूक. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातून पाणी श्वासनलिकेत जाते; शिवाय पुढे शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असणे बरे. ओठ कोरडे पडले असतील तर ओल्या कपड्याने टिपा.

हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडतोय किंवा उलटी होतेय तरच काढायचे, तेही दोघांनी : एकाने मान आणि जबडा खालून घट्ट धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट हळूहळू सरकवायचे. गाडी पेटलेली नाही आणि वाहनांखाली सापडण्याचा धोका नाही, तर जखमीला हलवण्याची घाई नको. दोघांनी हातपाय धरून रिक्षात दुमडून घालताना मणक्याला लागलेला मार कायमचे पांगळेपण देऊन जातो. रुग्णवाहिका येणारच नसेल आणि न्यावेच लागले, तर चार-पाच जणांनी डोके, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून एकदम उचला आणि टेम्पोच्या हौद्यात आडवे झोपवा. डोके धरणाऱ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचे, बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर हलायचे.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर मान सांभाळून कुशीवर वळवा, म्हणजे रक्त आणि उलटी बाहेर येईल. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, किंवा अधूनमधून नुसता आचका लागतो, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत माणूस दमतो आणि न कळत दाब उथळ पडतो, म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदला.

प्रश्न : टेम्पो चालवतो. प्रभूवर श्रद्धा आहे, पण पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांना भितो. ‘तूच ठोकलंस’ म्हणाले तर? (वाचक, नाशिक)

ही भीती खरी होती आणि म्हणूनच कायदा बदलला. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले, आणि त्याखालचे नियम २०२० मध्ये लागू झाले. सद्हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न धरता मदत केली आणि तरी जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तर त्यासाठी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलीस तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही आणि पैसेही मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी, साध्या वेशातल्या पोलिसाने आणि एकाच खेपेत घ्यायचा असतो. हे हक्क रुग्णालयाच्या दारात मराठीतही लावलेले असले पाहिजेत; कुणी अडवले तर तो फलक दाखवा.

तुमच्यासाठी तीन खबरदाऱ्या. ११२ ला फोन स्वतःच्या मोबाइलवरून करा, म्हणजे कितव्या मिनिटाला कुणी कळवले याची नोंद राहते. तुमच्या आधी पोचलेल्या एखाद्याला सोबत घ्या. आणि जखमीचे पाकीट, मोबाइल, दागिने खिशात घालू नका. रुग्णालयात दोघांसमोर मोजून द्या आणि कागदावर लिहून घ्या. उपकार करणाऱ्यावर चोरीचा आळ येतो तो बहुतेक इथेच.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याच्या गाडीने धडक दिली तो या संरक्षणात येत नाही. त्याचे कर्तव्य कलम १३४ मध्ये वेगळे सांगितले आहे : जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे. जमाव मारायला उठला तर चालकाने जवळचे पोलीस ठाणे गाठावे, पण कळवल्याशिवाय राहू नये.

प्रश्न : रुग्णालयांची ड्यूटी संपवून रात्री साडेदहाला स्कूटरवरून एकटी येते. रस्त्यात कुणी हात केला तर थांबायचे? न थांबल्याचा सल घरी येऊन टोचतो. (परिचारिका, पुणे)

ताई, यरुशलेम ते यरीहो हा रस्ता साधारण २७ किलोमीटरचा, ओसाड डोंगरांतून सुमारे हजार मीटर खाली उतरणारा. लुटारू दगडांआड दबा धरून बसत. पडलेला माणूस हेच आमिष असू शकते, अशी धास्ती त्या वाटेने जाणाऱ्याला वाटणारच. धोका ओळखणे हा अविश्वास नव्हे.

रात्री एकट्या असाल तर उतरू नका. वेग कमी करा, किलोमीटरचा दगड, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक मनात ठेवा, पुढे जिथे उजेड आणि माणसे आहेत (पेट्रोल पंप, टोलनाका, रिक्षा थांबा) तिथे थांबून ११२ आणि १०८ ला कळवा. पंपावरच्या दोघा-तिघांना सांगा आणि जमल्यास त्यांच्यासोबत मागे जा. हे निघून जाणे नाही. याजक आणि लेवी यांनी पाहिले आणि कुणालाही सांगितले नाही. तुमचा एक फोन गेला तर रुग्णवाहिका निघते.

रस्त्यात आडवे टाकलेले लाकूड, काचेवर फेकलेले अंडे, ‘टायर पंक्चर आहे’ म्हणून शेजारून ओरडणारा अनोळखी, अशा वेळी तिथल्या तिथे उतरू नका. चारचाकीत असताना काचेवर अंडे पडले तर वायपर आणि पाणी लावू नका, त्याने ते पसरून समोरचे अंधुक होऊ शकते. तसेच सावकाश उजेडापर्यंत जा.

प्रश्न : रविवारी उपासनेला जाताना वाटेत कुणी पडलेले दिसले, आणि त्या दिवशी वचनवाचन माझ्याकडे असले तर?

थांबा. वचन दुसरे कुणी वाचेल. याजकाच्या बाजूने पुष्कळदा सांगतात की प्रेताला शिवल्यास तो विटाळला असता. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तसा नियम आहेही. पण लूकाने तो खाली उतरत होता असे लिहिले आहे, म्हणजे यरुशलेम मागे टाकून. मंदिराची सेवा त्याच्यापुढे उभी नव्हती. पाळकांना फोन करून सांगा. कोणतेही पाळक रागावणार नाहीत.

प्रश्न : आमच्या चर्चच्या कोपऱ्यावर एक जण वरचेवर पडलेला असतो. लोक ‘बेवडा आहे’ म्हणून पुढे जातात. परवा दुसऱ्या एकाला फिट आली तर कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. बरोबर काय? (महिला मंडळ, अहिल्यानगर)

‘बेवडा आहे’ हे आपल्याकडचे ‘बाजूने निघून गेला’ आहे. तोंडाला दारूचा वास येत असला तरी त्याच माणसाच्या डोक्याला मार लागलेला असू शकतो. मधुमेह्याची साखर उतरली की तो झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो, घामाने निथळतो, अगदी प्यायल्यासारखा. म्हणून जवळ जाऊन हाक मारा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल आणि मधुमेह आहे असे कळले, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांत फरक दिसतो. हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला बोलवा. नुसता प्यायलेला असला तरी उताणा झोपलेला माणूस उलटी श्वासनलिकेत जाऊन मरू शकतो. कुशीवर वळवायला अर्धे मिनिट लागते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एप्रिल-मेमध्ये उन्हाचा झटकाही लक्षात ठेवावा. अंग तापलेले, बोलणे बरळल्यासारखे असेल तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने गार करा, वारा घाला. पाणी फक्त पूर्ण शुद्धीत असेल तरच.

फिट आलेल्याला कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी काही होत नाही. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपणच थांबते, म्हणून श्रेय चपलेला मिळते. दातांत चमचा घालू नका, दात तुटून घशात जातो. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे दगड आणि बाकडी सरकवा, डोक्याखाली स्वेटर किंवा पिशवी द्या, घड्याळ बघा. झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ दुसरी आली, गरोदर बाई असली किंवा पाण्यात आली, तर लगेच रुग्णालय.

प्रश्न : मदत करताना येशूचे नाव सांगावे का? पत्रिका द्यावी का? (तरुण संघ, मिरज)

तुमची तळमळ समजते, पण नको. जखमी माणूस त्या घडीला नाही म्हणू शकत नाही. दुखण्याने विव्हळत असलेल्याच्या हातात पत्रिका ठेवली की मदतीला अट जोडल्यासारखी होते, आणि त्याच्या नातेवाइकांच्या मनात कायमचा संशय राहतो. शोमरोन्याने जखमीचा धर्म विचारला नाही आणि कोणता डोंगर पवित्र हा शोमरोनी आणि यहुदी यांच्यातला वादही काढला नाही. प्रार्थना मनात करा. जखमेवर दाबलेला हात न उचलता ती होते. कुणी स्वतःहून म्हणाले, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’, तर हळू आवाजात, दोन वाक्यांत. मरणाच्या दारात असलेला परधर्मीय आपल्या देवाचे नाव घेत असेल तर घेऊ द्या. त्याचा हात धरून बसा.

प्रश्न : रुग्णालयात पोचवल्यावर आपले काम संपले का? खर्चाचे काय? (वाचक, वसई)

दृष्टान्तातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच आहे. शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि आणखी खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. म्हणजे त्याने आपला प्रवास सोडला नाही आणि जखमीलाही सोडले नाही.

आपल्याकडे आणीबाणीच्या रुग्णाला आधी स्थिर करणे हे सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. नातेवाइकांना पहिल्याच तासात हे सांगा, नाहीतर ते दागिने गहाण टाकायला धावतात.

नातेवाइकांना फोन करताना तीनच गोष्टी सांगा : अपघात झाला आहे, अमुक रुग्णालयात आहोत, सोबत कुणाला तरी घेऊन या. प्रकृतीचे डॉक्टर सांगतील. फोन कुलूपबंद असेल तर ‘इमर्जन्सी’वर दाबून जवळच्यांचा नंबर दिसतो का पाहा, नाहीतर येणारा फोन उचला. कुणीच नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. बेवारस रुग्णाचे कागद, औषधे, पुढची सोय त्यांच्यामार्फत होते. दुसऱ्या दिवशी एकदा जाऊन या. टॉवेल, साबण, बदलायचे कपडे, चार्जर एवढे न्या. रक्ताने माखलेले कपडे कापून काढलेले असतात आणि तिसऱ्या दिवशीही माणूस रुग्णालयाच्या चादरीत बसलेला असतो, याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

मंडळीने दानार्पणातून एक छोटी रक्कम बाजूला ठेवावी आणि तीही औषधाच्या दुकानाला परस्पर द्यावी. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, तेव्हा त्यांना नुसते जेवू घालून थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती सदनात शिक्षण होते, हातमाग होते, पुढे छापखानाही आला. आपली मंडळी एवढे करू शकणार नाही, पण एका जखमी मजुराच्या घरी महिनाभराचे धान्य टाकू शकते.

प्रश्न : सरकार आता बक्षीस देते म्हणे. ख्रिस्ती माणसाने घ्यावे का?

गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी ‘राहवीर’ योजना आहे. २०२१ मध्ये बक्षीस ५,००० रुपये होते, २०२५ मध्ये २५,००० झाले. घेण्यात पाप नाही. बुडालेला रोज आणि खराब झालेली गाडीची सीट त्यातून भरून निघते.

प्रश्न : आमच्या मंडळीत यावर प्रशिक्षण ठेवायचे आहे. दोन तासांत काय शिकवावे, गाडीत काय ठेवावे? (पाळक, सोलापूर)

पाळकसाहेब, भाषण १५ मिनिटांत संपवा. जवळच्या सरकारी रुग्णालयातून किंवा रेड क्रॉसमधून प्रशिक्षक बोलवा आणि पुतळा आणायला सांगा. प्रत्येकाने पुतळ्याची छाती सलग दोन मिनिटे दाबायची. पहिल्या मिनिटातच लक्षात येते की ५ सेंटिमीटर म्हणजे किती जोर. मग जोडीजोडीने एकमेकांना कुशीवर वळवायचे. मग ओढणीची घडी घालून दंडावर दहा मिनिटे दाब, घड्याळ लावून. शेवटी प्रत्येकाने १०८ ला सांगायची चार वाक्ये (जागा, गाडीची दिशा, जखमी किती, शुद्ध आणि श्वास आहे का) मोठ्याने म्हणायची. फोनवर शब्द फुटत नाहीत ही अडचण सरावानेच जाते.

गाडीत ठेवायची पिशवी अशी : रबरी हातमोजे ३ जोड्या, गॉजच्या घड्या १०, क्रेप बँडेज १० सेंटिमीटर रुंदीची २, त्रिकोणी झोळीची पट्टी २, बोथट टोकाची कात्री, चिकटपट्टी, टॉर्च, परावर्तक जॅकेट, एक लिटर पाणी, साखरेच्या पुड्या ४, जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याचे मीटरभर तुकडे ३, एक चादर. चादर झाकायला आणि आडोशाला लागते. जखमी बाईभोवती पहिल्यांदा तीच धरा आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना ती धरायला लावा, हात गुंततात. हातमोजे डिकीच्या उष्णतेने चिकटून फाटतात, म्हणून वर्षातून एकदा बदला. मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घाला. उघड्या जखमेवर दुसऱ्याचे रक्त लागले तर साबणाने भरपूर पाण्याखाली धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करावी लागतात.

पिशवी सीटखाली ठेवा. धडक मागून बसली तर डिकी उघडत नाही.